हिरव्या झाकणाचा डबा

डोंबिवलीत मी एकतीस वर्षे औषधाचे दुकान चालवले. २०१९ साली ते पुतण्याच्या हवाली केले, तेव्हा घरी आणण्यासारखे फारसे काही नव्हते. वडिलांची तसबीर, पितळी खल आणि हिरव्या झाकणाचा एक रिकामा प्लास्टिकचा डबा. हा डबा बायकोने दोनदा रद्दीत काढला आणि मी दोनदा परत कपाटात ठेवला. त्यावर बर्फाचे डोंगर आहेत, एक झरा आहे आणि झऱ्याकाठी कमरेला टेप गुंडाळून हसणारी एक बाई आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य. दुष्परिणाम नाहीत.’ घटकद्रव्यांच्या जागी ‘दुर्मीळ वनौषधींचे मिश्रण’ एवढेच. कोणत्या वनौषधी, किती मिलिग्रॅम, याचा पत्ता नाही.

मी फार्मसीची पदविका घेतलेला माणूस. साध्या तापाच्या गोळ्यांच्या पट्टीवर मुदतीची तारीख पुसट असली तरी माल परत पाठवणारा. पण हे डबे मात्र मी काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, मनोरा रचून ठेवले होते. कारण उघड होते. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधात आम्हाला सोळा ते वीस टक्के सुटतात. या डब्यावर चाळीस सुटत, वर दहा डब्यांवर दोन फुकट. आणि आयुर्वेदिक माल विकायला वेगळा परवाना लागत नाही. किराणावालाही विकू शकतो, मग मी का नको, असा माझा सोयीचा हिशेब.

२००९च्या उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाईंनी तो डबा नेला. बाईंनी मुलीला पाढे शिकवले होते, त्यामुळे आमच्याकडे त्यांचा मान. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढले ते उतरेना, आणि भावाचे लग्न तोंडावर आलेले. ‘भाऊ, हे घेतलं तर चालेल ना?’ असे त्यांनी विचारले. ‘झाडपाल्याचं आहे, बाई. त्याने काय होतंय?’ असे मी म्हणालो. हे वाक्य मला शब्दशः आठवते, कारण त्यानंतर ते मी कित्येक रात्री स्वतःशी घोळवले आहे.

तीन आठवड्यांत बाईंचे चार किलो वजन उतरले. त्या आनंदाने दुसरा डबा न्यायला आल्या. भूकच लागत नाही म्हणाल्या. तोंडाला मात्र सारखी कोरड पडते, वर्गात तीनतीनदा पाणी प्यावे लागते, आणि रात्री डोळा लागत नाही. मे महिना होता. मी त्यांना जलसंजीवनीची दोन पाकिटे दिली आणि उन्हाला दोष दिला. पुढे शाळा उघडली. त्यानंतर आठवड्याभरात त्या फळ्यापाशी उभ्या असतानाच कोसळल्या. इस्पितळात नेले तेव्हा नाडी एकशे तीस, रक्तदाब एकशे सत्तरवर. वय वर्षे एकोणचाळीस, घराण्यात कुणाला हृदयविकार नाही. डॉक्टरांनी विचारले, ‘कुठलं औषध चालू आहे का?’ बाईंनी खरे तेच सांगितले, ‘नाही.’ त्यांच्या लेखी तो डबा औषध नव्हताच. तपासण्यांवर तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांना फ्रिजवरचा डबा दिसला, त्यांनी तो पिशवीत घालून नेला, आणि संध्याकाळी डॉक्टरांचा मला दुकानात फोन आला. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, ‘यात काय आहे?’ मला सांगता आले नाही.

त्या रात्री शटर ओढून मी चिठ्ठीवाल्या औषधांचा खण उघडला. तिथे सिब्युट्रामीनची पट्टी होती. हे वजन उतरवण्याचे रासायनिक औषध तेव्हा आपल्याकडे डॉक्टरच्या सल्ल्याने रीतसर मिळत असे. ते मेंदूवर काम करून भूक मारते. आतला बारीक अक्षरांतला कागद उलगडून मी दुष्परिणाम वाचले. तोंडाला कोरड, निद्रानाश, नाडीचे ठोके वाढणे, रक्तदाब वाढणे. बाईंच्या तक्रारी कुणीतरी क्रमाने लिहून ठेवल्यासारख्या. एवढ्यावरून डब्यात तेच होते असे सिद्ध होत नाही, आणि तो कुणी प्रयोगशाळेत तपासलाही नाही. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्येच अशा ‘नैसर्गिक’ गोळ्यांची यादी जाहीर केली होती, ज्यांत लेबलवर नसलेले सिब्युट्रामीन सापडले होते. पुढे २०१८ साली तिथल्या दहा वर्षांच्या नोंदी एकत्र केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन उतरवणाऱ्या ज्या ज्या पूरकांत भेसळ निघाली होती, त्यांतल्या दर पाचांपैकी चारांहून अधिकांत हेच औषध होते. खुद्द सिब्युट्रामीनने हृदयाचे रुग्ण आणखी धोक्यात येतात असे सुमारे दहा हजार लोकांवरच्या चाचणीत दिसले, म्हणून २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. उजळ माथ्याने दुकानातून गेले, ते झाडपाल्याचा वेष घेऊन परत आले.

उरलेले डबे मी वितरकाला परत केले. त्याने एकही प्रश्न न विचारता क्रेडिट नोट फाडून दिली. मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला हवी होती. ती मी केली नाही. उद्या माझ्याच दुकानाची झडती झाली तर, या भीतीने.

आता कुणी म्हणेल, दोष भेसळीचा, वनस्पतीचा काय? तेही तितके सरळ नाही. वनस्पतीत दम असतो, आणि असला की तो चांगल्या-वाईट दोन्ही बाजूंनी असतो. एफेड्राचेच घ्या. चिनी वैद्यकात हिला ‘मा ह्वांग’ म्हणतात, आपल्याकडे हिमालयातल्या जातीला सोमलता. मुंबईच्या अग्यारीत पारशी धर्मगुरू विधीसाठी ‘होम’ म्हणून ज्या इराणी काड्या वापरतात, त्याही एफेड्राच्याच. १८८५ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी हिच्यातून एफेड्रिन वेगळे काढले. दम्याच्या जुन्या गोळ्यांत ते असे. त्या घेऊन काउंटरवर पैसे मोजणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात थरथरायचे, ते मी सुरुवातीच्या वर्षांत पाहिलेले आहेत. श्वासनलिका मोकळी करते, त्याबरोबर नाडी दौडवते आणि भूकही मारते.

या तिसऱ्या गुणावर अमेरिकेत मोठा धंदा उभा राहिला. तिथे १९९४ मध्ये असा कायदा झाला की, ‘आहारपूरक’ म्हणून माल विकायचा तर तो सुरक्षित असल्याचे आधी सिद्ध करावे लागत नाही. घातक आहे हे सरकारने नंतर सिद्ध करावे. एफेड्राला कॅफिनची जोड देऊन गोळ्या निघाल्या. फायदा किती? २००३ साली झालेल्या चाचण्यांची एकत्र छाननी झाली तेव्हा उत्तर आले : नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा महिन्याला सुमारे ९०० ग्रॅम जास्त, तेही थोड्या महिन्यांपुरते. आपल्याकडे लग्नाच्या एका पंगतीत हे भरून निघेल. आणि किंमत? त्याच वर्षी फेब्रुवारीत बाल्टिमोरच्या बेसबॉल संघाचा स्टीव्ह बेकलर हा तेवीस वर्षांचा गोलंदाज फ्लोरिडातल्या सरावात उष्माघाताने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. अंगात ताप १०८ अंश फॅरनहाइट. तो वजन उतरवण्यासाठी एफेड्राच्या गोळ्या घेत होता. शवविच्छेदन करणाऱ्या अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांत त्यांचाही वाटा धरला. एप्रिल २००४ पासून तिथे या पूरकांवर बंदी आली. उत्पादकांनी एफेड्रा काढून कडू संत्र्याचा अर्क घातला. त्यातले सिनेफ्रिन हे एफेड्रिनचे नात्यातलेच.

दुसऱ्या टोकाला आमचे कोकम आहे. मी मूळचा देवगडकडचा. आमसुले वाळवताना लाल झालेले आईचे हात माझ्या डोळ्यांसमोर आहेत. १९६५ मध्ये म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कोकमाची चुलत बहीण शोभेल अशा गार्सिनिया कॅम्बोजियात, म्हणजे केरळी लोक माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीत, मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचे दाखवले. ते कोकमातही आहे. उंदरांच्या शरीरात ते चरबी बनवणाऱ्या एका विकराला अडवते असे दिसले, आणि कॅप्सूलवाल्यांना आणखी काय हवे! पण १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १३५ लठ्ठ माणसांवर बारा आठवडे रीतसर चाचणी झाली. खरी कॅप्सूल घेणाऱ्यांचे ३.२ किलो उतरले, खोटी घेणाऱ्यांचे ४.१. हा फरक योगायोगात मोडणारा होता, पण कॅप्सूलचा उपयोग नाही हे कळायला पुरेसा.

म्हणून माझा आता आडाखा असा की, काही न करणाऱ्या डब्यापायी निदान पैशांवरच निभावण्याची शक्यता असते. पंधरा दिवसांत चार किलो उतरवणाऱ्या डब्यात नेमके काय आहे, हे मात्र आधी विचारावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्थौल्यावर सबंध विवेचन आहे. त्रिफळा, मध, जव, ताक यांच्या जोडीला व्यायाम आणि मनाचे श्रम हळूहळू वाढवायला सांगितले आहे. ‘हळूहळू’ हा शब्द कुठल्याच डब्यावर मला आढळला नाही. लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींना तर १९५४च्या कायद्यानेच मनाई आहे. लोकलच्या डब्यातली पत्रके वाचताना हे कुणाला खरे वाटणार नाही.

बाई चार दिवसांनी घरी आल्या. डबा बंद केल्यावर नाडी आठवड्यात ताळ्यावर आली, आणि दिवाळीपर्यंत चारच्या जागी पाच किलो परत आले. त्या माझ्या दुकानात येत राहिल्या, डब्याचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला सोपे गेले असते.

त्या डॉक्टरांनी तेव्हापासून आपला प्रश्न बदलला आहे. गेल्या महिन्यात बायकोच्या गुडघ्यासाठी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. ‘औषधं कुठली चालू आहेत?’ असे त्यांनी विचारलेच नाही. म्हणाले, ‘वहिनी, चूर्ण, काढा, कॅप्सूल, पाण्यात घालायची पावडर, कुणी मागवून दिलेलं, टीव्हीवर बघून घेतलेलं, सगळं सांगा.’

मी हसून ‘ती काही घेत नाही’ म्हणणार, एवढ्यात बायकोने पर्स उघडली आणि दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. एक गुडघ्यांची होती. दुसरी भाचीने फोनवरून मागवून दिलेली, गार्सिनियाची. डॉक्टरांनी चष्मा वर करून लेबल वाचले, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि दोन्ही नावे केसपेपरवर लिहून घेतली.