वीझेल यांचें ‘नाइट’ : पुस्तक समजलें हें कसें दाखवावें?

वर्गांत एखादें पुस्तक वाचून संपलें म्हणजे शिक्षक प्रश्न घालतात, विद्यार्थी सारांश लिहितात, त्यावर गुण पडतात आणि पुस्तक पुनः कपाटांत जाऊन बसतें. पुष्कळशा पुस्तकांना एवढें पुरतें. परंतु कांहीं पुस्तकें अशीं आहेत कीं, त्यांचा सारांश अगदीं बिनचूक उतरला तरी तें पुस्तक मुलाला समजलें असें म्हणण्यास मन धजत नाहीं. एली वीझेल यांचें ‘नाइट’, म्हणजे ‘रात्र’, हें आत्मकथन अशा पुस्तकांपैकीं एक होय. तें लहान आहे, त्याची भाषा सरळ आहे, आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्याला तें इंग्रजींत वाचणें मुळींच अवघड नाहीं. तें खरोखर समजलें हें दाखविण्याचे कोणते मार्ग घ्यावे व कोणते टाळावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम पुस्तकाची ओळख करून घेऊं. वीझेल यांचा जन्म १९२८ सालीं ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतांतील सिगेट ह्या गांवीं झाला. हें गांव आज रुमानियांत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० पासून, तें हंगेरीच्या ताब्यांत होतें. १९ मार्च १९४४ रोजीं जर्मन सैन्य हंगेरींत शिरलें. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत, सुमारें आठ आठवड्यांत, तेथील सुमारें ४,४०,००० यहूदी लोक आगगाडीच्या डब्यांत कोंडून देशाबाहेर नेण्यांत आले. त्यांतील बहुतेकांची रवानगी ऑश्विट्झ येथील छावणींत झाली. पंधरा वर्षांचा एली, त्याचे आईबाप व तीन बहिणी हीं त्यांत होतीं. आई व धाकटी बहीण त्सिपोरा ह्यांची तेथें पोंचतांच ताटातूट झाली, आणि त्या दोघी एलीला पुनः कधीं दिसल्या नाहींत. बाप व मुलगा बुना येथें कामास जुंपले गेले, जानेवारी १९४५ मध्यें बर्फांतून पायीं हांकलले गेले, आणि बुखेनवाल्ड येथें पोंचल्यावर थोड्याच दिवसांत बाप वारला. ११ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकन सैन्य त्या छावणीपाशीं आलें. हा वृत्तांत वीझेल यांनीं प्रथम यिद्दिश भाषेंत लिहिला. तो १९५६ सालीं ब्युनोस आयर्स येथें छापला गेला. पुढें त्याचा पुष्कळ संक्षेप होऊन १९५८ सालीं तो फ्रेंचमध्यें व १९६० सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला. १९८६ सालीं लेखकाला शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. २०१६ सालीं ते निवर्तले.

नाझी सत्तेनें सर्व मिळून सुमारें साठ लक्ष यहूदी मारिले. ह्या संहारास होलोकॉस्ट असें म्हणतात. पुष्कळ यहूदी लोक त्यासाठीं शोआ हा आपल्या हिब्रू भाषेंतील शब्द पसंत करतात. यहूदी म्हटले कीं आपल्या विद्यार्थ्यांना पवित्र शास्त्रांतील अब्राहाम व दावीद आठवतात. कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ ह्या नांवानें ओळखले गेलेले बेने इस्राएल लोक हेहि यहूदीच होत, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. तेव्हां ज्यांची ही हकीकत आहे ते कोणी दूरचे, केवळ ग्रंथांतले लोक नव्हेत, एवढें वाचनाच्या आरंभींच सांगून ठेवावें.

आतां टाळावयाचा मार्ग सांगतों. अमेरिकेंतील कांहीं शाळांतून मुलांना कैदी व पहारेकरी अशा भूमिका देणें, अंगावर पिवळा तारा लावणें, अंधाऱ्या खोलींत दाटीनें उभें करणें, असे प्रयोग झालेले आहेत. आपण स्वतः छावणींत आहों अशी कल्पना करून रोजनिशी लिहावयास लावणें, हाहि त्यांतलाच सौम्य प्रकार. हेतु चांगला असतो. परंतु अर्ध्या तासानें घंटा होते, मुलें हंसत डबा खाण्यास जातात, आणि त्या लोकांना काय वाटलें तें आपल्याला कळलें असा त्यांचा समज होऊन बसतो. वॉशिंग्टन येथें १९९३ सालीं उघडलेलें होलोकॉस्टचें स्मारक-संग्रहालयहि शिक्षकांना असले प्रयोग करूं नयेत असेंच सांगतें. ज्यानें पाहिलें, भोगलें, त्याची जागा साक्षीदाराची. आपली जागा ऐकणाराची. ऐकणारानें नीट ऐकलें किंवा नाहीं, हें दिसेल असें काम विद्यार्थ्याला द्यावें. अशीं कांहीं कामें पुढें देतों.

पहिलें काम तारखांच्या नकाशाचें. मोठ्या कागदावर मध्य युरोपचा नकाशा काढून सिगेट, ऑश्विट्झ, बुना, ग्लायवित्झ व बुखेनवाल्ड हीं स्थळें दाखवावीं, आणि प्रत्येक स्थळापाशीं पुस्तकांतील प्रसंग व इतिहासांतील तारीख शेजारीं शेजारीं लिहावी. हें भूगोलाच्या तासाचें काम वाटेल. पण तें करतांना विद्यार्थ्याला एक गोष्ट आपोआप दिसते. जानेवारी १९४५ मध्यें एलीच्या पायावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तो रुग्णालयांत होता. छावणी रिकामी करण्याचा हुकूम आला तेव्हां रुग्णालयांत मागें राहावें कीं इतरांबरोबर निघावें, हें बापलेकांना ठरवावयाचें होतें. मागें राहणारांस ठार मारतील ह्या भीतीनें ते १८ जानेवारीच्या सुमारास निघाले. २७ जानेवारी रोजीं रशियन सैन्य तेथें आलें व मागें राहिलेले रोगी सुटले. नऊ दिवसांचें हें अंतर नकाशावर आपल्या हातानें लिहिल्यावर, ‘त्यांनीं चुकीचा निर्णय घेतला’ असें वाक्य लिहिण्यास विद्यार्थी कचरतो. त्यांना काय ठाऊक होतें व काय ठाऊक असणें शक्य नव्हतें, हें वेगळें करावयास तो शिकतो. इतिहास समजण्याचा आरंभ येथें होतो.

दुसरें काम, गेलेल्या वस्तूंची वही. पुस्तक वाचीत असतां एलीच्या घरांतून व अंगावरून काय काय गेलें, तें क्रमानें टिपावें. प्रथम सोनेंनाणें व मौल्यवान चीजा गेल्या. मग छातीवर पिवळा तारा आला. मग खाणावळींत जाणें, आगगाडीनें प्रवास करणें, सभास्थानांत उपासना करणें, संध्याकाळीं सहानंतर रस्त्यावर येणें, हें सारें बंद झालें. मग घर गेलें, आई व बहीण गेली, केस व कपडे गेले, नांव जाऊन त्या जागीं ए-७७१३ हा आंकडा आला. पुढें दांतावरचें सोन्याचें टोपण गेलें, आणि शेवटीं बाप गेला. तारा लावण्याचा हुकूम निघाला त्या वेळीं, ताऱ्यानें कोणी मरत नाहीं अशा अर्थाचें बोलून बाप लोकांना धीर देतो. वही पुरी झाल्यावर हें वाक्य पुनः वाचावयास सांगावें. एकेक पायरी इतकी लहान होती कीं, त्या त्या वेळीं ती सोसण्याजोगी वाटली. ही गोष्ट शिक्षकानें दहा वेळां सांगण्यापेक्षां मुलाच्या वहींतील ओळींनीं अधिक पटते.

तिसरें काम चित्रकलेची आवड असणारांस द्यावें. प्रेतें, तारांचीं कुंपणें, हाडांचे सांपळे काढूं देऊं नयेत. तीं चित्रें मुलें दुसऱ्या चित्रांवरून काढतात, पुस्तकावरून नव्हे. त्याऐवजीं पुस्तकांतील एकच वस्तु निवडून ती काढावी व तिच्याखालीं साठ-सत्तर शब्दांचें टिपण लिहावें. आपली निवड मरणाऱ्यांत झाली असें वाटून बापानें मुलाच्या हातीं दिलेला चमचा व सुरी, हा त्या घराचा सारा वारसा. जूलिएक नांवाच्या पोलिश मुलानें मरणाच्या रात्रीं अंधारांत वाजविलेलें आणि सकाळीं तुडविलेलें सांपडलेलें व्हायोलिन. सुटकेनंतर एलीनें ज्यांत स्वतःला पाहिलें तो आरसा. वस्तु कोणतीहि असो, ती कोणाच्या हातांतून कोणाच्या हातांत गेली हें टिपणांत आलें पाहिजे.

चवथें काम शब्दकोशाचें. ह्या पुस्तकांत साधे शब्द आपला अर्थ टाकून देतात. ‘निवड’ हा शब्द आपण क्रिकेटच्या संघासाठीं वापरतों. छावणींत त्याचा अर्थ कोण जगणार व कोण जळणार हें ठरविणें असा होता. ‘धुराडें’ म्हणजे गिरणीचें अथवा स्वैंपाकघराचें नव्हे. ‘घंटा’ तर आपल्या शाळेच्या दिवसाचा प्राण; बुना येथें घंटेच्या तालावर सारें चालत असल्यामुळें, घंटा नसलेलें जग हेंच एलीला सुखाचें स्वप्न वाटे. असे दहा शब्द निवडून त्यांचा घरांतील अर्थ व छावणींतील अर्थ समोरासमोर लिहावा, आणि ते मराठींत कसे उतरवाल तेंहि सांगावें. पुस्तकांतील प्रकरणांना नांवें नाहींत. तेव्हां प्रत्येक प्रकरणाला एकेक नांव सुचवून त्याचें कारण पांच ओळींत द्यावें, असेंहि काम ह्यालाच जोडतां येतें.

पांचवें काम न ऐकलेल्या इशाऱ्यांचें. मोशे हा सभास्थानांतील गरीब नोकर परदेशी म्हणून हद्दपार होतो, कत्तलींतून जीव बचावून परत येतो, आणि घरोघर फिरून पाहिलेलें सांगतो. लोक त्याला वेडा ठरवितात. आगगाडींत शेख्टरबाई रात्रीं आग आग म्हणून ओरडतात. त्यांना बांधून मारतात. वर्गानें दोन गट करून शहाण्यासुरत्या लोकांनीं ह्यांवर विश्वास का ठेविला नाहीं, त्याचीं कारणें पुस्तकांतूनच काढावीं. रशियन सैन्य जवळ येत होतें. एका संबंध जातीचा कोणी नाश करील हें बुद्धीला पटत नव्हतें. पॅलेस्टाईनला जाण्याचा विचार मुलानें काढला तेव्हां नव्यानें आरंभ करण्याचें आपलें वय राहिलें नाहीं, असें बापाला वाटलें. हीं कारणें मोठ्यानें वाचून दाखवावीं. तीं मूर्खांचीं नाहींत. आपल्याहि घरांत तीं सहज बोललीं जातील अशींच आहेत.

सहावें काम सर्वांत नाजुक. छावणींत इतर दोघांबरोबर एका लहान मुलाला फांशीं देतात व तें पाहावयास कैद्यांना उभें करतात. देव कोठें आहे, असें मागून कोणी विचारतें, आणि एलीच्या मनांत जें उत्तर उठतें तें वाचून कोणाहि भाविकाचें काळीज हलतें. मिशनच्या शाळेंतील विद्यार्थी येथें फार घाईनें उत्तर देतो. रविवारच्या वर्गांत ऐकलेलें एखादें वाक्य तो लिहितो आणि पान उलटतो. तें वाक्य खोटें असतें असें नव्हे; पण तें ज्याच्यापुढें बोलावयाचें त्याच्याकडे पाहून तें लिहिलेलें नसतें. फ्रान्स्वा मोरिआक हे फ्रेंच लेखक निष्ठावंत ख्रिस्ती होते, आणि ह्या पुस्तकाची प्रस्तावना त्यांचीच आहे. वधस्तंभाविषयीं ह्या तरुणाला कांहीं सांगावें असें आपल्या मनांत आलें, पण आपण त्याला केवळ मिठी मारून रडलों, असें त्यांनीं तींत लिहिलें आहे. आणखी एक कडू गोष्ट आपण मुलांपासून लपवूं नये : मारणारांपैकीं पुष्कळांचा बाप्तिस्मा झालेला होता, आणि तो देश शतकानुशतकें ख्रिस्ती म्हणविला जात होता.

म्हणून येथें उत्तर मागूं नये. कागदाच्या एका बाजूस एलीचे प्रश्न लिहावे. दुसऱ्या बाजूस ईयोब, विलापगीत व स्तोत्रसंहिता ह्यांतील देवाला विचारलेले प्रश्न शोधून लिहावे. एली स्वतःच एके ठिकाणीं ईयोबाची आठवण काढतो. शास्त्रानें तक्रारीला आपल्या पोटांत जागा दिली आहे, हें विद्यार्थ्याला दिसेल. आणि विचारणाराला गप्प करणें हें श्रद्धेचें काम नव्हे, हेंहि दिसेल. ज्याला कांहींच लिहवत नसेल त्यानें तो भाग वर्गांत सावकाश वाचून दाखवावा व खालीं बसावें. तेंहि उत्तर पुरें मानावें.

हीं कामें तपासतांना अक्षर, रंग व सजावट ह्यांना गुण देऊं नयेत. विद्यार्थ्याला तें काम करण्यासाठीं पुस्तकाच्या पानाकडे किती वेळां परत जावें लागलें, प्रत्येक विधानापुढें पानाचा आंकडा दिला आहे किंवा नाहीं, आणि जें साक्षीदाराचें आहे तें त्यानें आपलें म्हणून मिरविलें तर नाहीं, एवढें पाहावें. संयुक्त राष्ट्रांनीं २००५ सालीं २७ जानेवारी हा दिवस ह्या संहाराच्या स्मरणासाठीं ठरविला आहे. त्या दिवशीं नकाशा, वह्या व टिपणें ग्रंथालयांतील एका मेजावर मांडावीं. त्यांत स्पर्धा ठेवूं नये व बक्षीसहि देऊं नये. मेजावर पुस्तकाची एक प्रत मात्र उघडी ठेवावी, म्हणजे येणाराजाणारास टिपणांत दिलेलें पान काढून मूळ ओळी स्वतः वाचतां येतील.