न झाडलेला कोपरा

शिंपी पक्ष्याचा टाका जवळून पाहिला की कळतं, त्यात गाठ नसतेच. मादी आधी झाडावरचं जिवंत, रुंद पान निवडते; एक पुरेसं मोठं नसेल तर शेजारची दोन-तीन. पानाच्या कडेला चोचीच्या टोकानं बारीक भोक पाडते, कोळ्याच्या जाळ्याचा नाहीतर कापसाचा तंतू त्यातून ओढते आणि बाहेर आलेलं टोक विस्कटून फुगवते. फुगलेलं टोक भोकातून मागं सरकत नाही. प्रत्येक टाका सुटा, म्हणून एक उसवला तरी बाकीचे टिकतात. पान झाडालाच असतं, हिरवंच राहतं आणि त्याच्या द्रोणात मऊ अस्तराचं घरटं लपून जातं. मुठीत मावणाऱ्या या पाखराला एवढ्या कारागिरीसाठी लागतं जिवंत पान, कोळिष्टक आणि चिमूटभर कापूस. तिन्ही वस्तू फुकटच्या, आणि तिन्ही शहरातल्या घराभोवती मिळेनाशा होत चालल्या आहेत.

अमरावतीतलं बडनेऱ्याच्या वाटेवरचं राजापेठ घ्या, नाहीतर अकोल्यातली एखादी जुनी वस्ती. वऱ्हाडातल्या जुन्या घराला समोर शेणानं सारवलेलं अंगण, मागे सांदवाडी आणि वर कवेलू. सांदवाडीत न्हाणीचं पाणी मुरे तिथं केळ, अळू, कर्दळ आणि उन्हाळ्यातही न आटणारा ओलावा. कोपऱ्यात पऱ्हाट्या-तुराट्यांची सरपणाची रास. कवेलूंच्या फटींत चिमण्या. हे कुणी पाखरांसाठी केलेलं नव्हतं. घर चालवताना जे उरे, सांडे आणि वाळे, त्यावर त्यांचा प्रपंच उभा राही. आता वर स्लॅब आहे, कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक आहेत, न्हाणीचं पाणी थेट गटारात जातं आणि सरपणाची जागा गॅसनं घेतली आहे. गॅस आला हे चांगलंच झालं. चुलीच्या धुरानं बायकांच्या डोळ्यांचं आणि छातीचं जे केलं ते परत यावं असं कुणाला वाटेल? पण त्या बदलात पाखरांचं सामान गेलं, ते परत कसं द्यायचं हा प्रश्न उरतो. हल्ली त्याचं सोपं उत्तर दिलं जातं: जाळीच्या पिशवीत कापूस, दोरे, काड्या भरून बाल्कनीत टांगा. माझं म्हणणं असं, की हे उत्तर क्रमानं तिसरं आहे. पहिलं काम, आपल्या हातून नकळत पुरवलं जाणारं घातक सामान आवरणं. दुसरं, सामान जिथं आपसूक तयार होतं ती जागा राखणं. पिशवीचा विचार त्यानंतर.

जागा राखणं का महत्त्वाचं, हे सुगरणीइतकं स्पष्ट कुणीच सांगत नाही. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीचं बारकाईनं निरीक्षण केलं. त्यांचा लेख पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. नर खोपा अर्ध्यावर आणतो, मादी येऊन तपासते, तिच्या पसंतीला उतरला तरच तो पूर्ण होतो, आणि मग नर दुसरा खोपा दुसरीसाठी बांधायला घेतो, ही सगळी रीत त्यांनी मांडली. त्या खोप्याचं सामान पाहा. उभ्या गवताच्या हिरव्या पात्याला नर चोचीनं खाच पाडतो, कड चोचीत धरतो आणि तसाच उडतो; पात्याची लांब पट्टी सोलून निघते. ती २० ते ६० सेंटिमीटर भरते. एका खोप्यासाठी अशा ५०० पर्यंत फेऱ्या होतात. वाळलेल्या काडीला पीळ बसत नाही, ती विणताना मोडते. म्हणजे सुगरणीला पिशवीतून सामान देताच येत नाही. तिला पावसाळ्यात जमिनीत रुजलेलं गवत लागतं. वऱ्हाडात हे गवत शेताच्या धुऱ्यावर असायचं आणि खोपे विहिरीवर झुकलेल्या बाभळीला, सिंदीला. धुऱ्यावर तणनाशक मारलं आणि गवत ५० मीटर लांब गेलं, तर जाऊन-येऊन दर फेरीला १०० मीटर वाढतात. ५०० फेऱ्यांचे ५० किलोमीटर झाले, तेही पंचवीसेक ग्रॅम वजनाच्या पाखराला, आणि एकाच खोप्यासाठी.

इतरांचीही गोष्ट फार वेगळी नाही. जांभळ्या सूर्यपक्ष्याची मादी लोंबती पिशवी बांधते ती कोळ्याच्या जाळ्यांनी, सालीच्या तुकड्यांनी आणि अळ्यांच्या विष्ठेनंसुद्धा. पाहणाऱ्याला ते फांदीला अडकलेलं जळमटच वाटावं. बुलबुलाला बारीक काटक्या आणि मुळ्या हव्यात. घरांच्या कोनाड्यांत वसाहत करणाऱ्या पाकोळ्या जमिनीवर उतरतच नाहीत. वाऱ्यावर तरंगणारी पिसं आणि तणसाचे तुकडे हवेतच टिपतात आणि लाळेनं चिकटवतात. भिंगऱ्यांना लागतो चिखल. पारा ४५ अंशांकडे निघालेला असताना वऱ्हाडातल्या शहरात चोचभर चिखल कुठं मिळणार? काँक्रीटच्या जंगलात हे सामान सर्वांत दुर्मिळ आहे, आणि ते द्यायला सर्वांत स्वस्तही. नळाखाली परातीएवढी मातीची जागा उघडी ठेवून ती ओली राखली की झालं.

आता घातक सामानाकडे येतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथं अँड्रिया टाउनसेंड आणि ख्रिस्तोफर बार्कर यांनी कावळ्यांच्या घरट्यांचा अभ्यास करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८५ टक्क्यांहून अधिक घरट्यांत माणसानं बनवलेल्या वस्तू होत्या, आणि १९५ पैकी ११ पिलं दोऱ्या-सुतळ्यांत अडकलेली आढळली. घरट्यातल्या दोऱ्याची लांबी वाढे तसा धोका वाढे. शेतीच्या भागात दोरे जास्त लांब होते आणि तिथं पिलं अडकण्याची शक्यताही जास्त. हे वाचून खताच्या पोत्यांची प्लास्टिकची सुतळी आठवावी. वऱ्हाडात ती बांधाबांधावर पडलेली असते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर झाडांवर त्याची भेंडोळी लोंबत राहतात, आणि पुढं महिन्या-दोन महिन्यांत विणीचा हंगाम सुरू होतो. पिलाचा पाय वाढतो, दोरा वाढत नाही. आधी सूज, मग रक्त अडतं, मग पाय वाळतो. बाकीची भावंडं उडून जातात तेव्हा हे एक घरट्याला बांधलेलं राहतं. म्हणून संक्रांतीनंतर आवारातल्या झाडांवरचा मांजा काठीनं गुंडाळून उतरवणं ही पाखरांच्या घरट्याला सर्वांत मोठी मदत आहे, असं मी मानतो.

पाखरांनी शहराशी जुळवून घेतलंय, सिगारेटची थोटकंसुद्धा ती वापरतात, मग काळजी कशाला, असा एक आक्षेप असतो. त्याला आधार आहे. मेक्सिको सिटीतल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की चिमण्या आणि फिंच पक्ष्यांच्या घरट्यात थोटकांमधला फिल्टरचा कापूस जितका जास्त तितके परजीवी कीटक कमी. पण त्याच मंडळींच्या पुढच्या अभ्यासात फिंचच्या पिलांच्या रक्तपेशींत जनुकीय इजा आढळली. पाखरानं जुळवून घेतलं खरं, त्याची किंमत पिलांनी दिली. आपल्याकडचा पुरावा याच्याशेजारी ठेवून पाहावा. कलकत्त्यातल्या चिमण्या घरट्यात कडुनिंबाची पानं आणून ठेवतात, ही सेनगुप्ता यांची नोंद १९८१ साली ‘ईमू’ या नियतकालिकात आली. घरट्यातल्या किडींना दूर ठेवण्यासाठी हे असावं असं त्यांनी सुचवलं. गरज दोन्हीकडे तीच. जिथं निंब उरत नाही तिथं पाखराच्या चोचीत थोटूक येतं. अमरावती-अकोल्यात निंबाची उणीव नाही. फक्त फाल्गुनात गळलेला त्याचा पाला रोज सकाळी गोळा करून जाळला जातो.

पिशवी टांगायचीच असेल तर तिच्यात काय असावं, याचा निवाडाही पुराव्यानंच करावा. पाळीव कुत्र्याचे केस उत्तम अस्तर, असं पुष्कळ जण सांगतात. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी केसांचं अस्तर असलेली टिट जातीच्या पक्ष्यांची १०३ घरटी तपासली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रत्येक घरट्यात फिप्रोनिल सापडलं, जे पिसवांच्या औषधात असतं. कीटकनाशकं जास्त होती तिथं न उबलेली अंडी आणि मेलेली पिलंही जास्त होती. गोचीड मारायला औषध लावलेल्या बैलाच्या किंवा बकरीच्या केसांनाही हाच नियम लावायला हवा. मग वऱ्हाडातलं पांढरं सोनं? अमरावतीच्या जुन्या उमरावती या नावावरून इथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमराज’ म्हणून ओळखला जाई. तो आखूड धाग्याचा. आजच्या वाणांचा तंतूही साधारण तीन सेंटिमीटरचा. सुटा तंतू पायाला फास लावत नाही, कातलेला दोरा लावतो. म्हणून वातींसाठी घरात असलेला सरकी काढलेला साधा कापूस चिमटीनं पिंजून ठेवायला हरकत नाही. वळलेली वात नको, कुंकू लावलेलं वस्त्र नको, उशीतला फायबर तर नकोच. पण याहून चांगलं सामान रानात आहे. काटेसावरीची बोंडं चैत्र-वैशाखात फुटतात, रुईची म्हातारीही त्याच दिवसांत उडते, म्हणजे ऐन विणीच्या काळात. तण म्हणून उपटलं जाणारं रुईचं एक झाड कंपाउंडच्या कडेला राहू दिलं, तर कापसाची पिशवी भरावी लागणार नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप स्वच्छतेचा, आणि तो अमरावतीत तर घेतला जाणारच. १८७६ साली याच जिल्ह्यात शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली. त्यांची समाधी या शहरात आहे, विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे. त्यांच्या शहरात पालापाचोळा राहू द्या असं म्हणायचं? म्हणता येतं. बाबांचा खराटा माणसाला आजारी पाडणाऱ्या घाणीवर चालला. वाळलेलं पान ती घाण नव्हे. ते मातीत जिरतं. आजची घाण म्हणजे न कुजणारी पन्नी, मांजा, थोटकं, आणि ती झाडायला खराटा दुप्पट जोरानं चालवायला हवा. डासांची भीती मात्र रास्त आहे. तिचं उत्तर असं, की डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात वाढतो, ओल्या मातीत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, तेव्हा पाखरांचं पाण्याचं भांडं दर दोन दिवसांनी घासून रिकामं केलं की तो प्रश्न मिटतो. सापाची भीतीही खोटी नाही. मण्यार काय असतो हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून काटक्यांची रास दारापासून आणि भिंतीपासून लांब असावी, गुडघ्याखालीच असावी, आणि मृगाआधी हलवावी. शेजाऱ्यांच्या लेकरांच्या जिवाशी खेळून पाखरं वाचवू नयेत.

एवढं करून चिमण्या परत येतील का, असं कुणी विचारेल. नुसत्या सामानानं नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालानुसार चिमणी देशभरात बऱ्यापैकी टिकून आहे, महानगरांत मात्र घटली आहे. तिला गवताची काडी कशीही मिळते. तिची अडचण भोकाची आहे, जे कवेलूंबरोबर गेलं, आणि पिलांना भरवायच्या अळ्यांची. ३२ मिलिमीटर भोकाची लाकडी पेटी सावलीच्या भिंतीवर लावली तर पहिली अडचण सुटते. दुसरीसाठी पुन्हा त्याच पाचोळ्याकडे आणि झुडपांकडे यावं लागतं, कारण अळी तिथं वाढते. आणि बांधलेलं घरटं मोडायचा हात आवरावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणंही धरलं आहे.

हे सगळं आपल्या सणावारांत बसतं. दिवाळीची झाडलोट, जाळी-जळमटं काढणं, रंगरंगोटी हे आश्विनात खुशाल करावं. बहुतेक पाखरांची वीण तोवर उरकलेली असते, आणि आत्ता पुसलेलं जाळं कोळी माघापर्यंत पुन्हा विणून ठेवतो. संक्रांत झाली की मांजा उतरवावा. होळीपासून पोळ्यापर्यंत सांदवाडीचा, तीही नसेल तर जिन्यामागचा, चटईएवढा एक कोपरा सोडून बाकीचं आवार झाडावं. त्या कोपऱ्यात निंबाचा पाला असेल, बारीक काटक्या असतील, वरच्या वळचणीला दोन जाळी असतील. वैशाखात दुपारी रुईचं बोंड उकलतं, म्हातारी हलकेच सुटते आणि पेव्हर ब्लॉकवरून घरंगळत कुठंतरी अडकते. शिंप्याच्या मादीला तेवढाच कापूस लागतो.