शेवटची वीस मिनिटं

जिमखान्याच्या कपाटात कापडी पाठीचं एक जाड रजिस्टर आहे. दर वर्षीचा फुटबॉल संघ, सामना, निकाल आणि शेवटी एक अरुंद रकाना, ‘शेरा’. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर जिमखान्याचे सर मला पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकू देणार नाहीत. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीतून चालत जाता येतं, एवढं पुरे. मी एका दुपारी ते रजिस्टर मागं मागं वाचत गेलो. ‘उत्तरार्धात दम कमी पडला.’ ‘कॉर्नरला मार्किंग नाही.’ ‘आघाडी घेऊन लगेच गोल खाल्ला.’ ‘वैयक्तिक खेळावर भर.’ पुन्हा ‘दम कमी पडला.’ हस्ताक्षरं तीन माणसांची, शाई कुठं निळी, कुठं काळी. वाक्यं तीच.

त्या पानांवर नवी भर पडली ती एका सप्टेंबरात, आणि ती मॅच मी बघितली होती.

आमच्या संघात पेठांमधली नावाजलेली पोरं होती. अकरातल्या सात-आठ जणांना शहरात लोक पहिल्या नावानं ओळखतात. समोर एका होस्टेलवाल्या कॉलेजचा संघ. तालुक्यातली, जिल्ह्याबाहेरची पोरं, एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही. एकाच्या पायात तर दोन वेगळ्या रंगांचे मोजे होते. कट्ट्यावर बसलेल्या आमच्या पाठीराख्यांनी त्या मोज्यांवरच पहिली दहा मिनिटं काढली.

पहिला अर्धा तास आमच्या पोरांनी नुसती मजा केली. डाव्या विंगच्या पोरानं दोघांना गुंगारा देऊन आत शिरत असा काही फटका ठेवला, की गोली जागचा हललासुद्धा नाही. गोल झाल्यावर तो सहकाऱ्यांकडं धावला नाही, कट्ट्याकडं धावला. तिथं हलगी होती. मध्यंतराला 1-0. ‘आता किती घालायचे तेवढंच बघायचं,’ असं माझ्या शेजारचा म्हणाला, आणि तो फुटबॉलमधला जाणकार समजला जातो.

साठाव्या मिनिटानंतर आमचे हाफ कमरेवर हात ठेवून उभे राहू लागले. फुटबॉल ज्यांनी बघितलाय त्यांना हे चिन्ह कळतं. होस्टेलवाले काही फार भारी खेळत होते असं नाही. ते फक्त अजून पळत होते. कॉर्नर आला. आमचा गोली अर्धा पुढं आला आणि थबकला, स्टॉपर म्हणाला असेल गोली घेतोय, गोली म्हणाला असेल स्टॉपर हेड करतोय. दोघांच्या मधून चेंडू त्या वेगळ्या मोजेवाल्याच्या डोक्यावर. 1-1. पुढं दहाएक मिनिटांत दुसरा. आमच्या विंगनं आपला माणूस सोडून दिला आणि मागं वळून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. शेवटच्या मिनिटाला संधी आलीच होती. विंगनं दोघांना काढलं. उजवीकडं फॉरवर्ड एकटा उभा राहून ओरडत होता, ‘पास दे की रं!’ त्यानं तिसऱ्यालाही काढायचं ठरवलं. चेंडू गेला, शिट्टी झाली.

पोरं मोजे खाली करून गवतावर बसली. सर ओरडले नाहीत. संध्याकाळी जिमखान्यात त्यांना विचारलं, शेरा काय लिहिलात? म्हणाले, ‘मागच्या वर्षीचा बघून उतरवला.’

हे असं दर वर्षी का होतं, याचं उत्तर त्या कॉलेजात शोधून मिळत नाही. ते पेठांमध्ये आहे, थोडं तळ्यांमध्ये आहे.

मी शाहूपुरीचा. 1895 साली शाहू महाराजांनी वसवलेली ही व्यापारी पेठ. एके काळचे गुळाचे सौदे, आडत, स्टेशनची वर्दळ, कुंभार गल्लीतले गणपती. आमच्याकडं नंबरच्या गल्ल्या आहेत आणि हिशेबाच्या वह्या आहेत. फुटबॉल बघायला आम्ही दाभोळकर कॉर्नर, बिंदू चौक ओलांडून जुन्या गावात जातो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, जुना बुधवार. तिथली माणसं आम्हाला पाव्हण्यासारखं वागवतात. पण पाव्हण्याला एक फायदा असतो: त्याला घरातलं भांडण जरा लांबून दिसतं.

बाहेरगावच्या माणसाला पहिलं कोडं पडतं ते संघांच्या नावांचं. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. फुटबॉलचा संघ आणि तालीम? त्याचं असं, की या शहराचा पहिला खेळ कुस्ती. 1912 मध्ये खासबागेचं मैदान झालं, पेठेपेठेत तालमी घुमत होत्या, आणि फुटबॉल आला तो याच तालमींच्या पोटी आला. तांबडी माती, लंगोट गेले. नाव, झेंडा आणि इर्षा तेवढी राहिली. राजाराम महाराजांच्या काळात, 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तिलाच सगळं गाव केएसए म्हणतं. आजही तिच्या लीगमध्ये वरिष्ठ गटाचे सोळा संघ खेळतात. त्यात प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, संध्यामठ अशी तालीम नसलेली नावंही आहेत. इर्षा त्यांच्यातही तसूभर कमी नाही.

इर्षा हा शब्द इथं शिवी नाही. इर्षेनं जेवतात, इर्षेनं वर्गणी देतात, इर्षेनं परदेशी खेळाडू आणतात. नायजेरियाची पोरं कोल्हापुरात भाड्यानं खोली घेऊन राहिली, तांबड्या रश्शाला सरावली, आणि पेठेतल्या आज्या त्यांना ‘बाळा’ म्हणायला लागल्या. इर्षेनंच प्रेक्षक येतात, असे की आय-लीगच्या किती तरी संघांना हेवा वाटावा. आणि इर्षेनंच दगड येतात. हुल्लडबाजीपायी सामने थांबले, पोलिसांचा बंदोबस्त वाढला, हे कुणापासून लपलेलं नाही.

आता तळी. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. रावणेश्वराचं तळं होतं तिथं शाहू स्टेडियम उभं राहिलं. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, पेटाळ्याचं पेटाळा मैदान. म्हणजे आमचा सगळा फुटबॉल बुजवलेल्या पाण्यावर चालतो. पाणी आपली जागा विसरत नाही. जून लागला की गांधी मैदानात पुन्हा तळं होतं, आणि ते ओसरायला पावसाइतकाच वेळ घेतं. म्हणून इथला मोसम दिवाळीनंतरचा. खेळाडूंची नोंदणी, कोण कुठल्या पेठेतून कुठं गेला याच्या चर्चा, मग लीग, मग उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक चषक. पावसाळ्यात पोरं चिखलात खेळत नाहीत असं नाही, खेळतात. पण तो दंगा, सराव नव्हे.

विद्यापीठाचं घड्याळ मात्र वेगळं चालतं. शिवाजी विद्यापीठ 1962 सालचं. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे त्याच्याकडं. आधी विभागीय सामने, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ, आणि तो पुढं पश्चिम विभागात गोवा, मुंबई, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशकडच्या विद्यापीठांसमोर. ही शिडी चढायची तर सुरुवात पाऊस सरता सरता करावी लागते. नेमकी तेव्हा आमची पोरं कुठं असतात? मंडळात. तालीम म्हणजे गणपतीचं मंडळही. मांडव, वर्गणी, देखावा, आणि शेवटी रात्रभर चालणारी मिरवणूक. तो विंगचा पोरगा मॅचच्या आधीच्या आठवड्यात तीन रात्री झोपला नव्हता; हे त्यानंच मला अभिमानानं सांगितलं. होस्टेलच्या पोरांना मंडळ नव्हतं, पेठ नव्हती, संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं. ती जुलैपासून पळत होती.

साठाव्या मिनिटाला कमरेवर जे हात गेले ते तिथून गेले.

पण सगळं दमावर ढकललं की गणित फार सोपं होतं, आणि ते तितकं सोपं नाही. तिसऱ्या माणसाला काढायची खोड दमानं येत नाही. ती कट्ट्यावरून येते. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून बघा: साध्या, सरळ, वेळेवर दिलेल्या पासला टाळी पडत नाही. पोरानं एकाला उल्लू केलं की शिट्टी, दोघांना केलं की हलगी. दहाव्या वर्षापासून जो आवाज कानात बसतो तोच पाय शिकतात. तीच गत कॉर्नरच्या मार्किंगची. जागा धरून उभं राहणं हे काम कुणालाच दिसत नाही. फसलं की तेवढं दिसतं. सरावाच्या मैदानांवर गवत नावापुरतं, चेंडू कसाही उसळतो, त्यामुळं पोरं चेंडू हवेत खेळायला शिकतात. उंच मारायचा, मागं धावायचं. चांगल्या हिरव्या मैदानावर जमिनीलगत पास खेळणारा संघ समोर आला की आमच्यासमोर प्रश्न उभा राहतो तो चेंडू मिळवायचा.

आणि एक गोष्ट, जी बोलायची नसते. पेठ पोराला मानधन देते, बूट देते, आजारपणात दवाखान्यात धावते, प्रसंगी नोकरीसाठी शब्द टाकते. कॉलेज त्याला टी-शर्ट, प्रवासखर्च आणि क्रीडागुण देतं. सरांकडं संघ येतो तो उसना, दहा-बारा दिवसांसाठी, आणि आठ पेठांचा. एकमेकांच्या अंगावर जानेवारीत जाणारी पोरं सप्टेंबरात एकमेकांना पास देतील अशी अपेक्षा करायची. त्या दिवशी गोली एका पेठेचा होता आणि स्टॉपर तिच्या हाडवैरी पेठेचा. मैदानावर दोघं एकमेकांना हाक मारत नव्हते हे मी नंतर आठवून ताडून पाहिलं. अख्ख्या मॅचमध्ये एकदाही नाही. उगाच संशय असेल माझा. पण ज्या कॉर्नरला गोल झाला तिथं एक शब्द कमी पडला होता: ‘माझा!’

गोल केल्यावर भान सुटणं ही तर आमची एकट्याची मिरास नाही. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा. अमेरिकेविरुद्ध 0-3 हरल्यावर दुसरी मॅच कोलंबियाशी झाली. 82 व्या मिनिटाला जॅक्सन सिंगनं हेडरवर बरोबरीचा गोल केला. कुठल्याही फिफा विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. कोल्हापुरात फटाके वाजले. ते विझायच्या आत, पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल घातला. मग घानानं चार. तीन सामन्यांत एक गोल केला, नऊ खाल्ले. त्या पोरांना आनंद करायला जेमतेम एक मिनिट मिळालं, आणि त्या मिनिटाची किंमत एक गुण.

अनिकेतची गोष्ट कोल्हापुरात लई अभिमानानं सांगतात आणि त्यातला अडचणीचा भाग गाळतात. तो लहानपणीच इथून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. बारा महिने सराव, ठरलेलं खाणं, ठरलेली झोप, कट्टा नाही. पुढं तो इंडियन सुपर लीगमध्ये खेळला आणि 2022 मध्ये भारताच्या वरिष्ठ संघातही पोचला. पाय इथलेच, पण घडण दुसरीकडची. पेठेतले एक बुजुर्ग मला म्हणाले, ‘असली पोरं हितं गल्लीगल्लीत पडल्यात.’ मी विचारलं, मग ती गल्लीतच का राहतात? त्यावर त्यांनी चहा मागवला.

मला पेठांवर राग नाही. त्या नसत्या तर या शहरात फुटबॉलच नसता. सोळा संघांची लीग वर्षानुवर्षं वर्गणीवर चालवणं हे काही खायचं काम नाही. शाहूपुरीच्या हिशेबी डोक्याला एवढंच दिसतं, की या धंद्यात भांडवल भरपूर आहे आणि माल पावसाळ्यात भिजतो. ऑगस्टमध्ये पोरांना पळायला एखादं कोरडं मैदान नाही, मंडळाच्या वर्गणीतून महिनाभराचा शारीरिक तयारीचा शिक्षक मिळत नाही, आणि देखाव्याच्या बजेटचा आकडा ऐकला की आमच्या गुळाच्या व्यापाऱ्यालाही ठसका लागतो.

डिसेंबरच्या शेवटी मी आणि सर शाहू स्टेडियमवर गेलो. थंडी पडली होती, पायऱ्या भरलेल्या, फुटाणेवाल्यांची चंगळ. खाली दोन पेठा. एका बाजूला आमचा तोच स्टॉपर, आता आपल्या पेठेच्या रंगात, केस नव्यानं कापलेले. दोन महिने पहाटे रंकाळ्याभोवती पळत होता म्हणे. पंचाहत्तराव्या मिनिटाला त्यांच्यावर कॉर्नर आला. चेंडू सप्टेंबरातल्यासारखाच वळत आत आला, गोली पुढं निघाला, आणि स्टॉपरच्या गळ्यातून अशी आरोळी निघाली, की वरच्या पायरीवर बसलेल्या आम्हालाही ऐकू गेली.

‘माझा!’

उडी, हेड, चेंडू थेट मध्यरेषेपर्यंत. स्टेडियम उठलं. सर तेवढे बसून राहिले. पुडीतले फुटाणे संपले होते. ती पुडी त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवली.

‘सप्टेंबरात हा आवाज कुणाच्या घरी ठेवून आला होता, तेवढं विचार त्याला,’ ते म्हणाले.