ट्रॅश रिकामा होत नाहीये? आधी हे तपासा

लग्नसराई संपली की नाशिकमधल्या फोटो स्टुडिओंच्या हार्ड डिस्क भरतात. जुने व्हिडिओ डिलीट केले, पण ट्रॅश रिकामा करताना मेसेज येतो, 'फाइल वापरात आहे'. असं का होतं?

ट्रॅशमध्ये (विंडोजवर रिसायकल बिनमध्ये) गेलेली फाइल डिस्कवरच असते, जागाही अडवते. ती एखाद्या ॲपमध्ये उघडी असेल तर सिस्टिम ती पुसू देत नाही.

मग काय कराल?

• व्हिडिओ एडिटर आणि प्लेअर पूर्ण बंद करा. तरीही जमलं नाही तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

• मॅकवर फाइल लॉक असेल तर 'गेट इन्फो'मध्ये जाऊन 'लॉक्ड'समोरची खूण काढा.

• मॅकवर पेनड्राइव्हमधून डिलीट केलेल्या फाइल्स त्याच पेनड्राइव्हच्या लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात. म्हणून तो जोडलेला असतानाच ट्रॅश रिकामा करा.

शेवटचं बटण दाबण्याआधी यादी एकदा नजरेखालून घाला. एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता फार कमी असते. कुणाच्या तरी लग्नाचं एकमेव फुटेज त्यात असेल, तर ते कायमचं गेलंच समजा.