काजूची बी आणि साहित्यशास्त्राचा पेपर



या पानावर आपण नेहमी खत, फवारणी आणि बाजारभाव यांच्याविषयी बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतो. मात्र तोही तुमच्या काजूच्या बागेतूनच सुरू होतो.

गेल्या आठवड्यात सावंतवाडीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात बाग पाहायला गेलो होतो. मोहोरावर ढेकण्या आला होता, अशी तक्रार होती. बागेत शिरलो तर एका झाडाखाली एक मुलगी बसलेली. एका बाजूला काजूबियांची बादली, दुसऱ्या बाजूला बोंडूंचा ढीग आणि मांडीवर वही. हात बी पिळून काढतोय, डोळे वहीत, आणि तोंडाने चाललेले, "विभाव, अनुभाव, व्यभिचारी..." मला वाटले, कसला मंत्र म्हणते की काय!

"काय गो बाय, परीक्षा कधी?"

"सोमवारपासून, साहेब. साहित्यशास्त्राचो पेपर पयलो."

मुलगी सावंतवाडीच्या कॉलेजात मराठी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा दिवस ऐका. पहाटे उठून पाणी, गोठा. उजाडले की बी वेचायला. दहापर्यंत बी घरी आणून उन्हात पसरायची, आदल्या दिवशीची उलटायची. मग जेवणाची मदत. दुपारी घर झोपते तेव्हा ही पुस्तक उघडते, पण त्या उकाड्यात तिचेही डोळे मिटतात. संध्याकाळी पुन्हा बी. रात्री नऊनंतरचा वेळ तेवढा तिचा स्वतःचा.

घरात तिला कोणी त्रास देते असे नाही. वडील माणूस चांगले आहेत. पण त्यांचे म्हणणे सरळ होते, "गोष्टी वाचूक अभ्यास कित्याक होयो? सायन्सवाल्याक ठीक आसा." हे मी अनेक घरांत ऐकले आहे. बारावी सायन्सचा मुलगा असला की घरात टीव्ही बंद होतो. मराठी घेतलेल्या मुलीला मात्र "जरा बी वेचून ये" असे सहज सांगितले जाते. तिच्या हातात कादंबरी असते ना, म्हणजे ती मोकळीच!

आता हा साहित्यशास्त्राचा पेपर काय असतो, ते तिनेच मला सांगितले. नाटक पाहताना माणसाला आनंद का होतो, रडू का येते, याचा विचार भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापासून चालू आहे. भरताने आठ रस सांगितले, पुढे शांत हा नववा आला. मी म्हटले, हे पाठ करायला जड असेल. तर म्हणाली, "जत्रेत दशावतारातलो राजा रडता तेव्हा आमी पण रडतव. तो राजा म्हणान नाय, आमका आमचा काय तरी आठवता म्हणान. ह्याकाच पुस्तकात साधारणीकरण म्हणतत. माका कळता, पण पेपरात शुद्ध भाषेत लिवताना हात अडता."

मी गप्प झालो. आपण सगळ्यांनी रात्र रात्र जागून दशावतार पाहिला आहे, पण हा प्रश्न स्वतःला कधी विचारला होता का?

हात अडण्याचे तिचे दुखणे मला तर चांगलेच ठाऊक आहे. आमच्या खात्याच्या घडीपत्रिका प्रमाण मराठीत आणि बांधावरचे बोलणे मालवणीत. घडीपत्रिकेतले वाक्य मालवणीत फिरवून सांगितल्याशिवाय शेतकरी मान हलवत नाही. ही मुलगी तेच काम उलट दिशेने करते, आणि तेही घड्याळ लावून.

शिवाय तिच्या विषयाची मुळे इथलीच आहेत. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ले तालुक्यातले, जयवंत दळवी आरवलीचे. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते; 1974 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. कवी वसंत सावंत यांनी सावंतवाडीच्या पंचम खेमराज महाविद्यालयात मराठी शिकवले. पोटापाण्याचे म्हणाल तर शिक्षकाची नोकरी, वर्तमानपत्र, स्पर्धा परीक्षेतला मराठीचा पेपर, सगळीकडे ही भाषाच लागते.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. मुंबई विद्यापीठात सेमिस्टर पद्धत आल्यापासून परीक्षा वर्षातून दोनदा. पहिली ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे ऐन भातकापणीत. दुसरी मार्च-एप्रिलच्या पुढेमागे, म्हणजे ऐन काजूत. गेल्या कापणीत पावसाने घाई केली, मुलगी चार दिवस मळ्यात राहिली आणि एका विषयात केटी लागली. आता तो पेपर आणि हे पेपर एकदमच आहेत. यंदा राहिली तर पुढे शिकवणार नाही, असे वडील बोलून गेले होते. मी स्वतः कृषी पदविकेला असताना असाच कापणीपायी एका विषयात राहिलो होतो. त्याची बोच अजून आहे, म्हणून हे लिहितो.

वडिलांना मी शेतीच्याच भाषेत सांगितले. हवा कोरडी असेल तर पडलेली बी रोज दोनदा वेचण्याची गरज नाही, एक दिवसाआड चालते. अवकाळीचे ढग दिसले तर मात्र थांबू नये, भिजलेली बी काळी पडते. झाडाखालचे गवत आणि पाला हंगामाआधी साफ केला असेल तर वेचणीचा वेळ पुष्कळ वाचतो. त्यांनी तो केलेला नव्हता. दोन-तीन कडक उन्हे दिलेली बी टिकते, तेव्हा व्यापारी दारात आला म्हणून पोरीला परीक्षेच्या आदल्या दिवशी पळवायला नको. आणि गावठी झाडाची बी पाच ग्रॅमची धरली तर किलोला दोनशे बिया वेचाव्या लागतात. वेंगुर्ला-7 ची बी साधारण दहा ग्रॅमची, म्हणजे शंभरातच किलो. जुनी झाडे बदलताना हा हिशेब कोणी करत नाही.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक सुचवतो. कार्यालयाचा हॉल संध्याकाळी रिकामाच असतो. या दोन महिन्यांत तिथे दोन ट्यूबलाइट आणि चार टेबले ठेवून सात ते दहा उघडा ठेवला, तर वाडीवाडीतली पोरे येऊन बसतील. चावी कोणाकडे ठेवायची, एवढाच काय तो वाद होईल.

चहा घेताना आईनेच तोडगा काढला. सकाळची बी ती स्वतः आणि धाकटा वेचतील, मुलगी फक्त संध्याकाळी एक तास येईल. वडील काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोमवारी मी जातंय बी वेचूक."

मंगळवारी त्या बाजूला माझी फेरी आहे. ढेकण्या पाहायला जाणारच आहे, पेपर कसा गेला तेही विचारीन.