शेवटचा शब्द कुणाचा?

आमचा खंडोबा सव्वादहा महिने अणदुरास, पावणेदोन महिने नळदुर्गास. मूर्ती एक, गावे दोन. पण लेखी करार होतो.

प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरपाशी असा करार नाही! १९८७ साली आलेल्या ‘जीसीसी’चेच पाहा. एकाने ‘फास्ट-मॅथ नको’ हा फ्लॅग लिहिला, दुसऱ्याने पुढे ‘हवा’ असा लिहिला, तर तो मुकाट्याने शेवटचा पाळतो. मग शून्याला शून्याने भागून ‘अंकच नव्हे’ असे उत्तर कधी येणारच नाही, हे गृहीत धरून तो ती तपासणीच गाळू शकतो. चाचणी नापास होते आणि मंडळी तिच्यावरच चिडतात. मी म्हणतो, तिचे आभार माना! ती नसती, तर चुकीचा हिशेब थेट गिऱ्हाइकाच्या घरी गेला असता. हुकूम देणारे दोघे असले, की आधी करार लिहावा.