इंटरनेटची पेटी बंद पडल्यास काय करावे?



आपल्या बेटावरील मराठी घरांत देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या जोडीला आता आणखी एका वस्तूला कायमची जागा मिळाली आहे. ती वस्तू म्हणजे इंटरनेटची पेटी. फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात असलेल्या मुलांचे तोंड आजी-आजोबांना दिसते ते तिच्यामुळे. मुलांचा अभ्यास, बँकेचा व्यवहार, दूरदर्शनचे कार्यक्रम, गणेश चतुर्थीच्या दिवशी परदेशातील नातवंडांना घडवलेले बाप्पांचे दर्शन, सारे तिच्यावरच अवलंबून आहे. ही पेटी बंद पडली की घरात धावपळ उडते. एक जण बटण दाबतो, दुसरा तार ओढतो, तिसरा कंपनीला फोन लावतो. तंत्रज्ञ येईपर्यंत दोन-चार दिवस जातात आणि आल्यावर पुष्कळदा असे दिसते की दोष घरातलाच होता, आणि घरच्या माणसालाही तो दूर करता आला असता.

म्हणून या आठवड्यात आम्ही या पेटीविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. यासाठी विशेष शिक्षण लागत नाही. क्रमाने पाहण्याची सवय मात्र लागते.

वाट कशी येते?

दोष शोधायचा तर आधी वाट माहीत हवी. आपले बेट समुद्राखालील तारांनी जगाशी जोडलेले आहे. २००२ मध्ये सुरू झालेली 'सेफ' ही तार दक्षिण आफ्रिकेहून रियुनियन आणि मॉरिशसमार्गे भारतातील कोचीला व पुढे मलेशियाला जाते. आपल्याकडे ती दक्षिण किनाऱ्यावरील बे जाकोते येथे जमिनीवर येते. २०२१ पासून 'मेटिस' ही तारही मादागास्कर, रियुनियन आणि दक्षिण आफ्रिकेशी आपल्याला जोडते. रॉद्रिग्ज बेटाला २०१९ मध्ये स्वतंत्र तार मिळाली. किनाऱ्यावरून ही वाट एक्स्चेंजमध्ये येते, तेथून काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून, म्हणजे फायबरमधून, आपल्या रस्त्यावरच्या खांबापर्यंत आणि खांबावरून घरात. घरातील पेटी त्या तंतूतला प्रकाश ओळखते आणि वाय-फायच्या लहरींनी तो संदेश मोबाईलपर्यंत पोहोचवते.

तेव्हा घरमालकाने चार टप्पे लक्षात ठेवावेत: वीज, बाहेरून येणारी तार, वाय-फाय, आणि शेवटी आपला मोबाईल किंवा संगणक. पेटी बंद पडली असे म्हणण्याआधी यांपैकी कोणता टप्पा तुटला, हे पाहावे. पहिला प्रश्न अगदी साधा आहे. इंटरनेट एकाच मोबाईलवर बंद आहे की घरातील सर्वांच्या? एकावरच बंद असेल तर दोष त्या मोबाईलमध्ये आहे. तो बंद करून पुन्हा सुरू करावा, वाय-फायचा पासवर्ड पुन्हा घालावा. पेटीला हात लावू नये.

आधी वीज

सर्वांचेच बंद असेल तर पेटीकडे जावे. दिवा पेटलेलाच नसेल तर मल्टिप्रीज तपासावी. एकाच मल्टिप्रीजवर दूरदर्शन, पंखा, चार्जर आणि पेटी असा संसार मांडलेला असतो आणि त्यातले एखादे टोक सैल होते. पेटी थेट भिंतीतील प्रीजमध्ये लावून पाहावी.

पेटीचा अडॅप्टर हरवला किंवा जळाला म्हणून दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर लावणे धोक्याचे आहे. भोकात बसतो म्हणजे चालतो असे नाही. दोन्हींवर छापलेले व्होल्टचे आकडे सारखे असले पाहिजेत. अँपिअरचा आकडा मूळ अडॅप्टरइतका किंवा त्याहून जास्त हवा. दांड्याचे धन-ऋण टोकही जुळले पाहिजे.

दिवे पेटलेले असूनही काम होत नसेल, तर वीज बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि मग सुरू करावी. पेटी पुन्हा जागेवर यायला तीन ते पाच मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा. दर मिनिटाला बटण दाबल्याने ती कधीच पूर्ण सुरू होत नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. पेटीच्या मागे किंवा खाली टाचणीच्या टोकाएवढे भोक असते आणि त्याजवळ 'रीसेट' लिहिलेले असते. टाचणी घालून ते काही वेळ दाबून धरले की पेटीत कंपनीने भरलेली सारी माहिती पुसली जाऊ शकते. मग साधा दोष मोठा होतो आणि तंत्रज्ञ बोलवावाच लागतो. पेटी बंद करून सुरू करणे वेगळे आणि रीसेट करणे वेगळे. कंपनीने फोनवर स्वतः सांगितल्याशिवाय त्या भोकाच्या वाटेला जाऊ नये.

दिवे वाचावेत

पेटीवरील दिवे काही सांगत असतात. पेटी कोणत्या बनावटीची आहे त्यावर नावे थोडी बदलतात, पण फायबरच्या पेटीवर दोन दिवे महत्त्वाचे असतात. 'पॉन' लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर बाहेरची वाट पेटीपर्यंत जुळलेली आहे. 'लॉस' लिहिलेला दिवा तांबडा झाला किंवा लुकलुकू लागला, तर प्रकाश पेटीपर्यंत पुरेसा येत नाही असे समजावे. अशा वेळी पासवर्ड बदलून किंवा मोबाईल बदलून काही उपयोग नाही.

तांबडा दिवा दिसला तर भिंतीपासून पेटीपर्यंतची बारीक तार नजरेने तपासावी. कपाट सरकवताना ती दबली आहे का? केर काढताना तिला हिसका बसला आहे का? उंदराने कुरतडली आहे का? फायबर म्हणजे काच आहे. तारेला तीव्र वळण दिले की प्रकाश बाहेर निसटतो. उरलेली तार गुंडाळायची तर चहाच्या बशीपेक्षा लहान वेटोळे करू नये आणि खिळ्यावर आवळून बांधू नये.

या तारेच्या टोकाला बहुधा हिरवा जोड असतो. तो पेटीत नीट बसला आहे का, एवढेच हलक्या हाताने पाहावे. काढलेल्या टोकात डोळा घालून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक ठरू शकतो. ते टोक बोटाने किंवा पदराने पुसूही नये. धुळीचा एक कणही प्रकाश अडवतो.

सिमेंटच्या भिंती आणि वाय-फाय

वाचकांकडून सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार अशी, की खाली इंटरनेट उत्तम चालते आणि वर मुलाच्या खोलीत पोहोचत नाही. याचे मूळ आपल्या बेटाच्या इतिहासात आहे. १९६० च्या जानेवारीत अलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरोल ही चक्रीवादळे आली. लाकडाची, पत्र्याची आणि गवताची घरे जमीनदोस्त झाली. त्यानंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी काटकसर करून सिमेंटची घरे बांधली आणि मुलगा मोठा झाला की त्यावर आणखी एक मजला चढवला. लोखंडी सळ्यांनी भरलेला तो दाल वादळाला दाद देत नाही, आणि वाय-फायलाही देत नाही.

पेट्यांमधून बहुधा दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतूनही थोड्याफार पार होतात, पण त्यांचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण सिमेंटपुढे लवकर थकतात. पेटीजवळ बसणाऱ्याने ५ वापरावे, लांबच्या खोलीतल्याने २.४ वापरावे.

पेटीची जागाही महत्त्वाची आहे. दूरदर्शनच्या कपाटात, फ्रीजच्या मागे किंवा मायक्रोवेव्ह भट्टीशेजारी ती ठेवू नये. मायक्रोवेव्हच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच असतात, त्यामुळे अन्न गरम होत असताना इंटरनेट अडखळू शकते. पेटी घराच्या मध्यभागी, उघड्यावर आणि थोडी उंच असावी. वरच्या मजल्यासाठी पेटीपासून लॅनची तार वर नेऊन तेथे दुसरे वाय-फाय यंत्र लावणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तार नेणे शक्य नसेल तर लहरी पुढे पाठवणारा रिपीटर घ्यावा. पण पुष्कळ जण तो जेथे इंटरनेट मुळीच येत नाही त्या खोलीत लावतात. ज्याच्या स्वतःच्या हाती काही येत नाही, तो दुसऱ्याला काय देणार? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिन्याजवळ असावी.

दोष वाय-फायचा की बाहेरचा, हे ठरवण्याची एक सोपी चाचणी आहे. संगणक लॅनच्या तारेने थेट पेटीला जोडावा. तारेवर वेग चांगला आणि वाय-फायवर कमी असेल तर दोष घरातला आहे. तारेवरही कमी असेल तर कंपनीला फोन करावा. सर्व दिवे ठीक आहेत, शेजाऱ्यांचेही संथ आहे आणि परदेशातलीच पाने उघडत नाहीत, अशा वेळी दोष समुद्राखालच्या तारेत असण्याचाही संभव असतो. तेव्हा वाट पाहण्याखेरीज इलाज नाही.

वेगाच्या आकड्याविषयीही गैरसमज आहे. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि संगणक फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये दाखवतो. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून ३० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला ३० नव्हे, तर पावणेचार मेगाबाइट उतरतात. १ गिगाबाइटचा चित्रपट उतरायला साधारण साडेचार मिनिटे लागतात. यात कंपनीने फसवलेले नसते.

जोडणीच्या दिवशी

नवी जोडणी घेताना तंत्रज्ञ खांबाला जवळची खिडकी पाहून तेथेच पेटी बसवू पाहतो. त्याचे काम लवकर होते, पण त्या जागेशी पुढची दहा वर्षे आपल्याला राहायचे असते. म्हणून जागा आदल्या दिवशीच घरच्यांनी ठरवावी. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी दोघांनी मिळून जागा पाहावी. सही करण्यापूर्वी प्रत्येक खोलीत मोबाईल नेऊन चाचणी घ्यावी. तंत्रज्ञ गेल्यावर वाय-फायचा मूळ पासवर्ड बदलावा आणि वहीत लिहून ठेवावा. नवे घर किंवा नवा मजला बांधत असाल, तर दाल ओतण्यापूर्वीच प्रत्येक मजल्यावर जाणारी एक रिकामी नळी घालून ठेवावी. तेव्हा थोड्या पैशांत होणारे काम नंतर छिन्नी-हातोड्याने करावे लागते.

टेलिफोनचे काय?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुना टेलिफोन तांब्याच्या तारेवर चालत असे आणि त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेने येत असे. म्हणून घरातला कुरां गेला तरी फोन चालू राही. फायबर काचेचा आहे, त्यातून वीज येत नाही. आज ज्या घरांत टेलिफोन या पेटीलाच जोडलेला आहे, तेथे वीज गेली की पेटी बंद आणि पेटीबरोबर टेलिफोनही बंद.

हे पुष्कळ वडीलधाऱ्यांना ठाऊक नाही. टेबलावरचा फोन संकटात उपयोगी पडेल, या जुन्या भरवशावर ते असतात. २०२४ च्या जानेवारीत बेलाल चक्रीवादळ आले, तशा रात्री एकट्या आजीला छातीत दुखू लागले आणि फोन उचलल्यावर आवाजच आला नाही, तर? म्हणून अशा घरात एक भरलेला मोबाईल नेहमी ठेवावा आणि रुग्णवाहिकेचा, म्हणजे 'सामू'चा, ११४ हा आकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. पेटीला काही तास चालवणारी छोटी बॅटरी बाजारात मिळते. ती व्होल्ट जुळवूनच घ्यावी. विजा कडाडत असताना मात्र पेटीचा अडॅप्टर प्रीजमधून काढावा. वादळानंतर अंगणात पडलेल्या कोणत्याही तारेला हात लावू नये. फायबर कोणता आणि विजेची तार कोणती, हे लांबून ओळखता येत नाही.

तक्रार कशी करावी?

'इंटरनेट चालत नाही' एवढेच सांगितले तर फोनवरचा माणूस पहिल्यापासून सारे विचारतो. त्याऐवजी आधी वहीत लिहावे: किती वाजल्यापासून बंद आहे, कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, एक मोबाईल बंद की सर्व, तारेवर चाचणी घेतली का, शेजाऱ्यांचे चालू आहे का. मग फोन करावा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. कंपनीकडून दाद मिळाली नाही, तर आय.सी.टी.ए. या नियामक संस्थेकडे जाता येते. तेथे हीच वही आपली बाजू मांडते.

शेवटी आमच्या तरुण वाचकांना एक विनंती. येत्या रविवारी आजी-आजोबांच्या शेजारी बसा. पेटीवरील प्रत्येक दिव्याखाली कागदाची पट्टी चिकटवून मराठीत लिहा: 'हा हिरवा असावा', 'हा तांबडा झाला तर कंपनीला फोन'. रीसेटच्या भोकाजवळ 'येथे हात लावू नये' असेही लिहा. एकदा वीज बंद करून पेटी पुन्हा कशी सुरू करायची, ते त्यांच्याच हातून करवून घ्या. तुम्ही नोकरीवर असाल किंवा परदेशी गेलेले असाल, तेव्हा त्या पट्ट्या वाचून ते स्वतःच तुम्हाला फोन लावू शकतील.